धडगावच्या दरीत तीरकामठा: लहान लेकराला घेऊन जाणार असाल तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावजवळच्या एका आदिवासी पाड्यावर आम्ही लेकीला तीरकामठा, म्हणजे धनुष्यबाण, शिकवायला नेलं होतं. तुम्हीही जाणार असाल तर सगळ्यात आधी हे वाचा. "जीप पाड्यापर्यंत जाते" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जीप वरच्या टेकाडापर्यंत जाते. तिथून पाडा खाली दरीत दिसतो, घरांवरची कौलं मोजता येतील इतका स्पष्ट, आणि तोच घात करतो. सात वर्षांच्या तनूला घेऊन तो उतार उतरायला आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली, परतीची चढण साडेतीन तास. बाकी प्रवासाबद्दल मी थोडक्यात सांगेन, या उताराबद्दल नाही.

आम्ही तिघं होतो: मी, तनू आणि माझा भाऊ. मी शाळेत इंडियन राउंड खेळलेली आहे, म्हणजे बांबूचं धनुष्य आणि ५० व ३० मीटरचं अंतर. मागच्या वर्षी माझं जुनं धनुष्य माळ्यावरून निघालं, तेव्हापासून तनूचं एकच चाललं होतं, "आई, याने खरी शिकार कशी करायची?" मला ते टाळायचं नव्हतं आणि टीव्हीवर दाखवून भागवायचंही नव्हतं. ज्यांच्या घरात तीरकामठा विळ्या-कोयत्यासारखा भिंतीला असतो, त्यांच्याच हातून तिने शिकावं असं वाटलं. धुळ्यापासून सातपुडा लांब नाही. होळी झाल्यावरच्या आठवड्यात निघालो, कारण होळीआधी भोंगऱ्या बाजारांच्या, म्हणजे इथल्या आदिवासींच्या जत्रेसारख्या बाजारांच्या, दिवसांत जीपला लहान मूल घेऊन चढताच येत नाही. हा निर्णय गर्दीपुरता बरोबर ठरला, उन्हापुरता साफ चुकला.

शहाद्याच्या एका माणसाशी फोनवर ठरलं होतं. "लहान मुलांना खऱ्या शिकारीचा अनुभव", तिघांचे ३५०० रुपये, त्यातले २००० आधी. धडगावच्या स्टँडवर तो भेटला तेव्हा त्याच्या हातात लाल-पिवळा रंग दिलेलं एक धनुष्य होतं, नायलॉनच्या दोरीचं. मी एकदा ओढून पाहिलं. एक बाजू वाकली, दुसरी ताठच राहिली. असं धनुष्य लेकराच्या तोंडासमोर तुटतं. आणि वर तो म्हणतो, "ताई, रात्री बॅटरी घेऊन जाऊ, ससा मिळेल, बेबीचा फोटो काढू."

मी तिथेच नाही म्हटलं. २००० गेले ते गेलेच. पण यावर मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण "आदिवासी भागात चालतं" हे वाक्य मी त्या दोन दिवसांत चार जणांकडून ऐकलं. चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तितर, रानडुक्कर यांची शिकार बंद आहे, आणि जाळं लावणं, मारायचा प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलं जातं. त्याच कायद्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, तेव्हा यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात फिरायचा विचार असेल तर लेकराचं छोटं धनुष्यसुद्धा घरी ठेवून जा. आणि पकडला जाईल तो फोटो काढणारा पाहुणा नसतो. पाड्यावरचा बॅटरी धरणारा पोरगा असतो. त्याच्या घरी कोर्टाच्या तारखा सुरू होतात आणि आपण धुळ्याला येऊन फोटो दाखवतो. शिकारीचा अनुभव विकणाऱ्या या माणसांच्या नादी लागू नका, एवढंच.

आमची ही बोलाचाली एक जीपवाला ऐकत होता. तो म्हणाला, ओळखीचे एक पावरा (इथला आदिवासी समाज) बाबा आहेत, तीरकामठा स्वतः बनवतात, मुलांना शिकवतात. पैशाचं काही बोलला नाही. लांब किती, विचारलं. "आठेच शे ताई, जवळच शे," म्हणजे इथेच आहे. माणूस चांगला, सीटमागे नेहमीचेच साठ रुपये घेतले. पण रोज तो डोंगर चढणाऱ्या माणसाचं 'जवळ' आणि सात वर्षांच्या पोरीचं 'जवळ' यात फार अंतर आहे.

जीपने उतरवलं तेव्हा दहा चाळीस झाले होते. वर वारा होता, बरं वाटत होतं. हीच फसगत. मार्चमध्ये सागाची पानं गळून गेलेली असतात, अख्खा उतार उघडा असतो. जंगल म्हणून सावली मिळेल हे डोक्यातून काढून टाका. आणि जसजसं खाली जाल तसतशी हवा कोंडते, वरचा वारा खाली येत नाही.

पहिला तुकडा मुरमाचा. त्यावर सागाची वाळलेली पानं, ताटाएवढी, आणि त्यांच्याखाली सुटे खडे. पाय पानावर पडला की पान पायासकट पुढे जातं. मोहाच्या झाडांखाली फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून पाला जाळलेला असतो. तिथे काळी राख, ती मुरमापेक्षाही निसरडी. तनू चार वेळा बसली. माझे बूट चांगले होते, तिचे शाळेचे पांढरे बूट. ही माझी चूक. तळाला खाचा असलेले बूट नसतील तर मुलाला इथे उतरवूच नका.

दुसरा तुकडा घळीचा, आणि सगळ्यात वाईट तो हाच. जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट, दोन्ही बाजूंना तापलेला काळा दगड, आणि मध्ये तीन ठिकाणी कमरेएवढ्या उड्या. पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन हीच वाट चढतात, आम्ही पाहिलं. पण त्यांची पावलं कुठे पडतात ते त्यांना माहीत असतं. भाऊ आधी उतरायचा, मी तनूला दंडाला धरून सोडायचे, तो खालून झेलायचा. तिसऱ्या उडीला तिचा हात माझ्या हातातून घामाने सटकला. भाऊ खाली होता म्हणून निभावलं. गुडघा सोलवटला, ती रडली नाही, पण त्यानंतर दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही, आणि मला ते रडण्यापेक्षा जड गेलं. बरोबर दुसरं मोठं माणूस हवंच. एक मूल आणि एकच मोठं असाल, तर टेकाडावरून परत फिरा.

तिसरा तुकडा कोरड्या नाल्यातले गोटे. तोवर आमचं तीन लिटर पाणी संपलं होतं. सहा लिटर घ्या. तनूला चालतं ठेवायला मी खाज्या नाईकांची गोष्ट सांगत होते: सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवरच उलटला, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीच्या डोंगरात भिल्ल बंदुकांसमोर तीरकामठे घेऊन लढले. "एप्रिलमध्ये? एवढ्या उन्हात?" तिने विचारलं. हो, म्हटलं, एवढ्याच उन्हात. मग ती उठली आणि चालायला लागली.

पाड्यावर पोचल्यावर आजीने आधी पोरीला सावलीत बसवून पाय धुवायला लावले, मग पाणी दिलं. बाबा बोलायला कमी. तनूला उभं केलं, तिचा डावा हात बाजूला ताणून खांद्यापासून बोटांपर्यंत वीतेने मोजला आणि मानवेल बांबूचा एक दांडा निवडून आणला. पक्का, जुना, पोकळी जवळजवळ नाहीच. मधोमध चिरला. सालीच्या बाजूला विळा लावलाच नाही, सगळं तासणं आतल्या अंगाने. दर आठ-दहा हातांनंतर कामठी गुडघ्यावर टेकवून वाकवायची, दोन्ही टोकं सारखी येतात का बघायचं, ताठ बाजूला पुन्हा दोन हात. या तासण्यात दुपार गेली आणि तनू जागची हलली नाही. दोरी सुताची नाही, बांबूच्याच सालीची: करंगळीच्या नखाएवढी रुंद पट्टी, ओली करून टोकांना बांधलेली. बाबांनी ती नखाने छेडली तेव्हा ती वाजली, आणि तनूने मागे वळून माझ्याकडे बघितलं. एवढ्यासाठी मी तो उतार पुन्हा उतरेन.

तीर बोरूचे, मागे कोंबडीचं पीस सुताने गुंडाळलेलं, पुढे लोखंड नाही, लाकडाची बोथट गोळी. लेकराला टोकदार तीर कुणी देत असेल तर घेऊ नका. बाबा अंगठा लावत नाहीत, पहिल्या दोन बोटांनी ओढतात. अंगठा एकलव्याने दिला, आता तो आमचा नाही, असं त्यांनी तनूला सांगितलं, आणि ती आजही अंगठा मुठीत दाबून धरते.

कडब्याने भरलेलं पोतं बांधाला टेकवून सात पावलांवर ठेवलं. नियम मोजके, पण ते मोडले की त्यांनी धनुष्य काढून घेतलं, लाड नाही. तीर लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, सगळा झटका बांबूवर येतो आणि तो चिरतो. पुढे कुणी असेल, कोंबडं असलं तरी, हात खाली. तीर आणायला सगळ्यांनी एकदमच जायचं. आणि माझ्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं ते: दर वेळी तीर लावण्याआधी दोन्ही हातांनी किंचित वाकवून कानाशी धरायचा. चरचर आवाज आला तर तो तीर चुलीत. चिरलेला बोरू सुटताना हातात घुसतो. तनूचे पहिले अकरा तीर पोत्याच्या आजूबाजूला गेले. बारावा लागला. ती ओरडली नाही, धावली नाही, धनुष्य खाली ठेवलं आणि बाबांकडे बघत उभी राहिली, जाऊ का म्हणून. वीस-पंचवीस तिरांच्या वर खेळू देऊ नका, खांदा थकला की कोपर पडतं आणि दोरी हातावर बसते. डाव्या हाताला जाड कापड गुंडाळा.

शिकारीचं काय, ते दुसऱ्या दिवशी पहाटे. बाबांनी तीरकामठा खुंटीला ठेवला आणि रिकाम्या हाताने आम्हाला नाल्यात नेलं. चिमूटभर राख उडवून वारा कुठला ते बघितलं, वाळूतली पावलं दाखवली, कुठली रात्रीची, कुठली आत्ताची. मग समोरच्या झुडपात तितर चरत होते, तिकडे बोट केलं आणि तनूला खुणेने सांगितलं, जा, उडू न देता किती जवळ जातेस बघू. टाचा न टेकता, तितराची मान खाली गेली की एक पाऊल, वर आली की दगडासारखं स्तब्ध. पंचवीस मिनिटं. नऊ पावलांवरून उडाले. बाबा म्हणाले, त्यांच्या वडिलांनी दोन पावसाळे फक्त एवढंच करायला लावलं होतं, तीर नंतर.

जेवण भाकरी आणि उडदाची डाळ, झोप अंगणात खाटेवर. धनुष्य आणि पाच तिरांचे त्यांनी ४०० सांगितले. घासाघीस करू नका, आम्ही ६०० दिले आणि तेही कमीच वाटले. रोख न्या, खाली मोबाइलला रेंज नाही. पुढे तोरणमाळला एक दिवस राहिलो, यशवंत तलाव चांगला आहे.

परतीला पहाटे पाचला निघा, साडेपाचला नाही. घळ उजाडता उजाडता पार व्हायला हवी. चढताना ती उतरण्यापेक्षा सोपी आहे, कारण दगड समोर दिसतो, पण वरचा मुरूम दोन पावलं चढलं की एक मागे घेतो. तनूने पूर्ण चढण स्वतः चढली, शेवटचा तुकडा सोडून. तिथे मामाच्या खांद्यावर. एसटीत धनुष्य उघडं नेऊ नका, गोणपाटात गुंडाळा, आम्हाला कंडक्टरने उतरवायचंच बाकी ठेवलं होतं.

घरी आल्यावर दोरी एका टोकाने सोडून ठेवा, नाहीतर बांबू तसाच वाकून बसतो. आणि उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नका. आमचं गच्चीवर सात पावलांवरच चालू आहे, रोज वीस तीर. तनूला दहा पावलं हवी आहेत. बाबांनी सांगितलंय की वीसपैकी पंधरा लागले की मग. काल तेरा लागले. आम्ही दिवाळीनंतर पुन्हा जातोय, तेव्हा सागाला पानं असतील आणि नाल्याला पाणी.