डमी आउटपुट

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड झाला, मशीन पुन्हा सुरू झालं. वायफाय आहे, गाणं लावलं तर पट्टीही पुढं सरकतेय, आवाज तेवढा नाही. साउंड सेटिंग उघडावं तर तिथं शांतपणे लिहिलेलं असतं: डमी आउटपुट. 'कार्ड सापडत नाही' असं सरळ सांगायला काय जातं? पण नाही. पाहुणा येणार नाही हे ठाऊक असून पाट मांडून ठेवावा, तसं एक लटकं उपकरण मांडायचं आणि वर त्याचा व्हॉल्यूमही वरखाली होऊ द्यायचा. कारण आहे म्हणा. आवाज ओतायला काहीच नसलं तर वाजवणारे प्रोग्रॅम अडकून बसतात. पटतं, तरी राग येतोच.

त्या रागात बहुतेकजण पहिल्यांदा साउंड सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅमांचा आवाज गोळा करून कार्डाकडे धाडणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात. याची मला चीड आहे. डिसेंबर २००३मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून तळाला आल्सा आहे, कर्नलमधली ध्वनियंत्रणा, कार्डांचे ड्रायव्हर हिच्यातच. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हे साउंड सर्व्हर तिच्या वर. कर्नलसोबत बदलतो तो तळ. मग माडीवरचं सामान हलवून काय होणार?

त्यापेक्षा मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल चालू करावा. तिथं आवाज आला की स्पीकर धड, सेटिंग धड, भानगड नव्या कर्नलची. मग नव्यात परत येऊन प्रॉक/एसाउंड/कार्ड्स ही फाइल वाचायची. ती 'नो साउंडकार्ड्स' म्हणाली, तर मशीनमधली उपकरणं दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या कमांडला एन-एन-के जोडून ऑडिओच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते पाहायचं. लिनक्सच्या उबुंटू या वाणावर आवाजाचे बरेचसे ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजात असतात. कर्नलची इमेज, म्हणजे मुख्य फाइल, हातानं टाकली आणि हे राहिलं, की मशीन मुकं. पॅकेजचा आवृत्ती-आकडा यूनेम-आर या कमांडनं दाखवलेल्या चालू कर्नलच्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा.

इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. आतले माइक डीएसपी या आवाज हाताळणाऱ्या चिपला जोडलेले, आणि डीएसपीला चालायला 'साउंड ओपन फर्मवेअर' (सॉफ) लागतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, फर्मवेअरच्या नावापुढं 'एरर -२' दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल जागेवर नाही. डेबियनवर 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड', आर्चवर 'सॉफ-फर्मवेअर' टाकायचं नि रीबूट करायचं. मॉडप्रोब-डी या ड्रायव्हरांच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये 'एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी'ला 'डीएसपी-ड्रायव्हर=१' देऊन जुन्या ड्रायव्हरकडे वळवता येतं; पण मग स्पीकर बोलतात आणि आतला माइक गायब होतो. मीटिंगच्या ऐन वेळी कळतं ते.

कार्ड आहे, पण गप्प आहे, ही शांतता वेगळी. टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्रॅम उघडून एफ६नं खरं कार्ड निवडावं, कारण बऱ्याचदा समोर एचडीएमआयच उभं असतं. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट, 'एम' दाबायचं. 'ऑटो-म्यूट मोड' बंद करूनही पाहावा. हेडफोन नसताना तो आहे असं कर्नलला वाटलं तर स्पीकर मुकाट मरतात. अपग्रेडनंतर कार्डांचा क्रमही बदलू शकतो, म्हणून सेटिंगच्या फाइलीत 'शून्य नंबरचं कार्ड' असं कधी लिहू नये, नाव लिहावं. शेवटी ही मांडणी जपायला आल्साकंट्रोलचं 'स्टोअर' सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, चालवून ठेवावं.

चाचणीला 'स्पीकर-टेस्ट' आहेच, '-सी२ -टीवेव्ह' जोडलं की 'फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट' म्हणणारं. पूर्वी रेड हॅटचं कार्ड-जुळणीचं साधन यासाठी लिनक्सचा जनक खुद्द लायनस टॉरवॉल्ड्सचा आवाज वाजवायचं, 'लिनक्स'चा उच्चार आपण कसा करतो ते सांगणारा. कार्ड लागलं याची खूण म्हणून दुसरं काय हवं!

हे सगळं लिहिताना एक गोष्ट गृहीत धरली: पडदा दिसतोय. ज्याला दिसत नाही, जो ऑर्कासारख्या, पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो, त्याच्यासाठी डमी आउटपुट म्हणजे पूर्ण अंधार. 'एमएम' त्याला वाचून कोण दाखवणार? ब्रेल डिस्प्ले नसेल तर दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे, एसएसएचनं आत शिरायचं, तेही एसएसएच सर्व्हर आधीच चालू ठेवला असेल तर. ग्रबचा मेनू बोलत नाही. फार तर 'ग्रब-इनिट-ट्यून' या सेटिंगनं एक बीप वाजवता येतो, तोही मशीनला जुना पीसी स्पीकर असला तर. त्या बीपनंतर खालचा बाण किती वेळा दाबला की जुना कर्नल येतो, हे त्यानं अपग्रेडच्या आधीच पाठ करून ठेवायचं.