डेम्लो वही : नऊ एकांचा वर्ग, पुढचा टप्पा

मागच्या वेळी वहीत मांडून ठेवलं होतं : १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. गणिती द. रा. कापरेकरांना अशा संख्या सुचल्या त्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, म्हणून त्या डेम्लो संख्या. (मला तिथे गाडीतून उतरायचं कसं, एवढंच सुचतं.)

या खेपेला ही संख्या हर्षद आहे का ते बघायचं होतं; अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की हर्षद, हेही कापरेकरांचंच नाव. आळस केला आणि बेरीज स्प्रेडशीटवर टाकली. आली ७८. भाग जाईना. दोन दिवस 'हर्षद नाही' असं धरून बसलो. मग सेलमध्ये डोळे घालून पाहिलं तर शेवटचे २१ गायब, तिथे ००! पंधरा अंकांपुढे ते सरळ शून्यं भरतं आणि आपली संख्या सतरा अंकी. तोंडी केलं असतं तर चढते छत्तीस, उतरते छत्तीस, मधले नऊ, झाले ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आहे हर्षद! नऊपर्यंतच्या एकांत हे फक्त एक, तीन आणि नऊ एकांच्या वर्गांनाच जमतं.

जाता जाता : ही संख्या १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ अशी तोडून बेरीज करा. मी दोनदा केली, खात्री होईना म्हणून.

अवयव पाडताना खरा वेळ खाल्ला ३३३६६७ ने. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ इथवर सोपं होतं, पण हा शेवटचा गडी मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. २११ पर्यंत सत्तेचाळीस भागाकार झाले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ९९९९९९९९९ ला ३३३६६७ ने भाग जातो, तेव्हा याच्या कुठल्याही मूळ विभाजकाने १० च्या नवव्या घाताला भागलं की बाकी १ उरणारच. त्याआधीच्या घाताला ती बाकी देणारे ३ आणि ३७ सोडले, तर फर्माच्या छोट्या प्रमेयाने (मूळ संख्येहून एकाने कमी इतका घात घेतला की तिने भागून बाकी १ उरते) विभाजक ९ च्या, आणि विषम असल्याने १८ च्या पटीहून एकाने मोठाच हवा. असे १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत जेमतेम सतरा! ३ जात नाही (अंकांची बेरीज २८), ३७ ला बाकी १, १९ ला ८, शेवटी ५७७ ला १६१. मूळच आहे. म्हणजे आपल्या संख्येचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. आधीच्या सत्तेचाळीसातले बहुतेक भागाकार फुकट गेले, पण पान फाडलेलं नाही.

काल दहा एकांचा वर्ग केला. हातच्याने सगळी शोभा घालवली : १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८२, म्हणजे २ × ४१. ४१ ने भाग जातो, २ पाशी अडतो; हर्षद नाही.