जेलवरचा बँड आकड्याशी जुळला नाही: एनएमआरसाठी प्रोटीन देतानाचा माझा अनुभव

घडी नसलेलं प्रोटीन घेऊन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचून प्रोटीनची रचना तपासायची पद्धत) सेंटरकडे जाणार असाल, तर एक कागद आधी मिळवून ठेवा: मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, म्हणजे रेणूचं वजन अचूक मोजणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट. तो हातात आल्याशिवाय अर्ज भरायला बसूच नका. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर अख्खा पावसाळा वाया गेला नसता. तो फॉर्म आठवला की अजून चिडचिड होते.

माझा विषय वेगवेगळ्या सजीवांच्या प्रोटिनांमधले डिसऑर्डर्ड भाग, म्हणजे पक्की त्रिमितीय घडी न घालता मोकळेच राहणारे आणि तसेच राहून काम करणारे पट्टे. संगणकावरचं काम सुरळीत झालं. युनिप्रॉट या प्रोटिनांच्या माहितीसाठ्यावरून फाइल्स उतरवल्या, डिसऑर्डरचा अंदाज बांधणारा आययूप्रेड हा प्रोग्रॅम चालवला, ०.५ च्या वर गुण असलेली सलग ३० अमिनो आम्लं सापडली की तो भाग मोजला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या तुलनेत असे लांब भाग असलेली प्रोटिनं आर्कियांत (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळे एकपेशीय जीव) २ टक्के, जिवाणूंत ४.२ टक्के आणि दृश्यकेंद्रकी सजीवांत (पेशीत केंद्रक असलेले, माणसासारखे) ३३ टक्के निघाली होती. आमच्याकडेही चढण तशीच आली. एवढंच सांभाळा की खारट पाण्यातल्या आर्कियांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. त्यांच्या प्रोटिनांत अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लाचा भरणा असतो, त्यामुळे प्रोग्रॅम त्यांना डिसऑर्डर्ड ठरवतो; पण त्यांच्या मिठात ती नीट घडी घालून बसलेली असतात.

सर म्हणाले, "नुसत्या अंदाजावर प्रबंध उभा राहत नाही. दोन प्रोटिनं प्रत्यक्ष हातात घे." म्हणून माणसाचं अल्फा-सिन्यूक्लीन आणि साल्मोनेला या जिवाणूचं एफएलजीएम अशी दोन प्रोटिनं निवडली. पार्किन्सनमुळे सिन्यूक्लीनचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच्या ५३ व्या जागी अॅलॅनिनऐवजी थ्रिओनिन आलं तर माणसाला तो आजार लवकर गाठतो, आणि उंदरात मात्र त्या जागी मुळातच थ्रिओनिन असतं. असं काही वाचलं की या विषयाला आपण का हात घातला ते आठवतं.

सिन्यूक्लीन बनवायला त्रास झाला नाही. जिवाणू फोडून तो रस उकळला की बाकीची प्रोटिनं अंड्यासारखी गोठतात आणि हे विरघळलेलंच राहतं. मुळात घडीच नाही, तर उकळून मोडणार काय? वर स्वच्छ पाणी, खाली पांढरा गाळ. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सगळ्या लॅबला बोलावून ट्यूब दाखवली होती.

मग फॉर्म. त्यात प्रोटीनचं आण्विक वजन लिहायचं आणि शुद्धतेचा पुरावा म्हणून जेलचा फोटो जोडायचा (जेलच्या थरात प्रोटिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, हलकी पुढे सरकतात, आणि प्रत्येकाचा एक पट्टा, म्हणजे बँड दिसतो). मी वजन लिहिलं १४.५ किलोडाल्टन, फोटो जोडला. अर्ज परत. शेरा: "बँड अपेक्षित जागी नाही, सॅम्पल तपासून पुन्हा पाठवा." फोटोत एकच बँड होता, ठळक, पण १५ किलोडाल्टनच्या मार्करच्या, म्हणजे माहीत वजनाच्या खुणेच्या वर, १८ च्या आसपास.

सिन्यूक्लीन जेलवर तिथेच दिसतं. त्याच्या शेपटीकडच्या भागात आम्लधर्मी अमिनो आम्लांची गर्दी आहे, तिथे ऋणभार इतका की एसडीएस (प्रोटिनांना चिकटून जेलमधून पुढे नेणारं साबणासारखं रसायन) नेहमीच्या प्रमाणात चिकटत नाही, आणि प्रोटीन जेलमधून रेंगाळत सरकतं. घडी नसलेल्या बहुतेक प्रोटिनांचं असंच होतं, खऱ्या वजनाच्या १.२ ते १.८ पट वर दिसतात. हे सगळं मी सविस्तर लिहून पाठवलं, सोबत दोन शोधनिबंध जोडले. अर्ज पुन्हा परत, शेरा तोच. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, आकडा आणि फोटो जुळला पाहिजे. आमची यादी आहे, आम्ही त्याप्रमाणे तपासतो." प्रत्यक्ष गेले तर म्हणाले टॅग (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून प्रोटीनला जोडलेला जादा तुकडा) राहिला असेल, काढून आणा. आमच्या सॅम्पलला टॅगच नव्हता! मग म्हणाले दुसरंच प्रोटीन आलं असेल, नव्याने बनवा.

नव्याने बनवणं म्हणजे काय, हे त्या टेबलावर कुणाला सांगावं? एनएमआरसाठी जिवाणूंना नायट्रोजन-१५ असलेलं अमोनियम क्लोराइड खायला घालावं लागतं. ते महाग असतं आणि मागवलं की येईपर्यंत वाट बघायची. तिकडे सिन्यूक्लीन नुसतं ठेवलं तर त्याच्या गुठळ्या व्हायला लागतात. म्हणून छोट्या छोट्या ट्यूबा भरून उणे ८० मध्ये ठेवल्या आणि रोज मेल उघडत बसले.

लॅबमधल्या एकाने सुचवलं, "फॉर्मवर १८ लिही ना, जुळेल." त्याचा हेतू चांगला होता, पण मी ते केलं नाही आणि तुम्हीही करू नका. तोच आकडा पुढे नोंदीत राहतो, त्यावरून मोलर प्रमाण काढलं जातं, आणि प्रबंध तपासणारा तिथेच बोट ठेवतो.

शेवटी दुसऱ्या विभागातल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर वेळ मिळाली. रिपोर्टवर एकच उंच शिखर. वजन अमिनो आम्लांचा क्रम आणि नायट्रोजन-१५ धरून जेवढं यायला हवं तेवढंच. तो कागद जोडून अर्ज यावेळी खिडकीवर न देता थेट यंत्राच्या प्रमुख शास्त्रज्ञांना पाठवला. त्यांनी त्याच दिवशी मंजूर केला. मी जिन्यातच बसले आणि आईला फोन लावला.

हो, एक राहिलंच. फॉर्ममध्ये सॅम्पलचं प्रमाणही विचारतात. सिन्यूक्लीनमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिन फक्त ४ (२८० नॅनोमीटरचा प्रकाश मुख्यतः हीच अमिनो आम्लं शोषतात), म्हणून त्या प्रकाशाला वाचन फारच कमी येतं. प्रोटीन हरवलं असं वाटून घाबरू नका, ५,९६० हा गुणांक घालून हिशेब करा. सीडीसाठी (ध्रुवित प्रकाशाने प्रोटीनची घडी ओळखायची चाचणी) वेगळं सॅम्पल काढाल तर बफर फॉस्फेटचा घ्या. क्लोराइड असेल तर २०० नॅनोमीटरच्या खाली काही वाचता येत नाही, आणि घडी नसल्याचं दाखवणारी, आलेखातली आपल्याला हवी ती खोल दरी नेमकी २०० च्या आसपास असते.

एनएमआरला वेळ मिळाली की ऑपरेटरना तापमान १० ते १५ अंशांवर ठेवायला आवर्जून सांगा. मोकळ्या साखळीतले हायड्रोजन पाण्याशी झपाट्याने अदलाबदल करतात आणि उबेत एनएमआरच्या आलेखावरचे त्यांचे ठिपके फिके पडतात. आमचे ठिपके ८ पीपीएमच्या (आलेखाच्या अक्षावरचं एकक) आजूबाजूला एका अरुंद पट्ट्यात दाटीने आले, घडी नसल्याची ती खूणच. सिन्यूक्लीनमध्ये प्रोलीन ही अमिनो आम्लं ५ आहेत, त्यांचे ठिपके शोधत बसू नका, ते दिसतच नाहीत.

सेंटरला मी लेखी विनंती केली आहे की यादीत एक ओळ वाढवावी: जेल जुळत नसेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीचा रिपोर्ट चालेल. अजून उत्तर नाही. दरम्यान एफएलजीएम तयार होत आलंय. ९७ अमिनो आम्लांचं हे प्रोटीन जिवाणूच्या पोहायच्या शेपटीच्या (फ्लॅजेलमच्या) पोकळ नळीतून बाहेर निसटतं, कारण त्याची घट्ट घडी नसते. त्याचा मास रिपोर्ट मी जेल चालवायच्या आधीच मागवून ठेवलाय.