ढगांचं उत्तर

कंपनीनं मला त्या ग्रामसभेला ढगांचं उत्तर द्यायला पाठवलं होतं. सिन्नरच्या पश्चिमेकडचं डोंगरातलं गाव. नाव सांगत नाही. पठारावर पवनचक्क्या होत्याच, आणखी उभ्या करायच्या होत्या, आणि गावाचं म्हणणं होतं की पंखे ढग पळवतात. हे साताऱ्या-सांगलीपासून धुळ्यापर्यंत जिथे पंखे तिथे ऐकू येतं, त्यामुळे माझं भाषण पाठ होतं.

इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि पन्नासएक किलोमीटरवर सिन्नरला सहाशेची मारामार. सह्याद्री चढतानाच ढग रिकामे होतात, पंखे नव्हते तेव्हाही होत होते. शिवाय पंख्याचं टोक जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर, ढग किलोमीटरभर उंच.

इथे एक म्हातारबाबा पाराला टेकून उठले. "साहेब, श्रावनात आलते का कधी वर? ढगात पंखा दिसत नाय, निस्ता आवाज येतो. अन् तुम्ही म्हनता ढग किलोमीटरभर वर!"

सभा हसली. बाबांचं खरंच होतं. श्रावणात मी स्वतः हेडलाइट लावून तो घाट चढलोय. पावसाचं गणित त्यानं बदलत नाही, पण सभेत आता ते कोण ऐकणार?

मागून एक बाई म्हणाल्या, "ढगाचं राहू द्या. रस्ता झाला त्या सालापासून माझी विहीर दिवाळीलाच तळ दाखवती, तेवढं बघा."

सभा तशीच ठेवून आम्ही दहा-बारा जण वर गेलो. चाळीस मीटरचं पातं घेऊन ट्रेलर वळायचा म्हणजे रस्ता ऐसपैस लागतो. तो डोंगराच्या उताराला आडवा कापलेला होता आणि पाणी खालून पलीकडे जायला त्याला एकही मोरी नव्हती. वरून येणारं पाणी रस्त्याकडेच्या चारीनं पलीकडच्या घळीत जात होतं. गावाकडचा ओहळ कोरडा ठणठणीत. खालच्या पाझर तलावात खोदाईचा मुरूम वाहून आलेला, काठी खुपसली तर कोपरभर आत गेली. विहीर त्या तलावाच्या खालच्या अंगाला. पाणी पळवलं होतं ते आम्हीच, फक्त आभाळातून नाही. या रस्त्यानं मी किती खेपा केल्या असतील, पण गाडीच्या काचेतून चारी बघतो कोण!

उतरताना सरपंचांना विचारलं, "मग अर्जात ढग कशाला लिहिले? मोरी लिहायची."

"दोन वर्षं मोरीच लिहिली, भाऊ. ढग लिहिले तर महिन्यात पेपरवाले आले, तुम्ही आलात."

संध्याकाळी घोटीच्या रस्त्यावर साहेबांचा फोन आला.

"काय, ढगांचं पटलं का त्यांना?"

"नाही," म्हटलं. "तीन मोऱ्या घालाव्या लागतील, आणि तलावातला गाळ काढून द्यावा लागेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मोऱ्यांचा यात काय संबंध?"