तीन वेळा परत आलेला स्ट्रेस रिपोर्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात बॉयलरपासून डायहाऊसपर्यंत, म्हणजे रंगाई विभागापर्यंत, वाफेची नवी लाइन टाकायची होती आणि तिचे स्ट्रेस ॲनालिसिस, म्हणजे पाइपवर येणाऱ्या ताणांचे गणित, माझ्याकडे आले. पाइप १५० एनबी (सुमारे १५० मिलिमीटर व्यासाचा), जाडी शेड्यूल ४०, पोलाद ए-१०६ ग्रेड बी. दाब १० बार, तापमान १८४ अंश. 'सीझर टू' या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी भरणे, लोड केस (भारांच्या वेगवेगळ्या स्थिती) तयार करणे, सपोर्ट बसवणे हे चार दिवसांत उरकले.

खोळंबा झाला तो तपासणीत. कारखान्याने नेमलेल्या पुण्याच्या सल्लागार कार्यालयाकडे मी रिपोर्ट पाठवला आणि अकरा दिवसांनी तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: 'ताण कोडनुसार तपासलेले नाहीत.' कोणता नोड (पाइपवरचा क्रमांक दिलेला बिंदू), कोणती लोड केस, याचा उल्लेख नव्हता. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असत. मी स्वतःच शोध घेतला, तेव्हा यादीतून बी ३१.३ हा प्रोसेस पाइपिंगचा कोड निवडला गेल्याचे आढळले. वाफेच्या या लाइनीसाठी आम्हाला बी ३१.१ हा पॉवर पाइपिंगचा कोड हवा होता आणि त्यात याच पाइपचा अनुज्ञेय ताण १३८ ऐवजी ११८ मेगापास्कल धरला जातो. कोड बदलूनही सगळे नोड मर्यादेत राहिले, म्हणून मी निश्चिंत मनाने रिपोर्ट पुन्हा पाठवला. बारा दिवसांनी तोच शेरा आला. मग हायड्रोटेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची, केस दुरुस्त केली, कारण लाइन पाण्याने भरते तेव्हा मीटरमागे २८ किलोच्या पाइपवर आणखी साडेअठरा किलो भार येतो. रिपोर्ट तिसऱ्यांदा परत आला, शेरा तोच. पाच आठवडे गेले होते आणि फिटर रोज विचारत होता, "साहेब, पाइप कापू का?"

शेवटी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून मी पुण्याला गेलो. दोन तास बसल्यावर एका ज्येष्ठ अभियंत्यांनी रिपोर्ट उघडला, नोड १४० वर पेन्सिल टेकवली आणि विचारले, "इथे हेडरला भोक पाडून शाखा थेट वेल्ड करणार ना? मग एसआयएफ १ कसा?"

उत्तर त्या प्रश्नातच होते. हेडर म्हणजे मुख्य पाइप आणि एसआयएफ म्हणजे जोडावर ताण किती पट वाढतो तो गुणक. शाखेच्या नोडवर टीचा (शाखेच्या जोडाचा) प्रकार मी भरलाच नव्हता, त्यामुळे सॉफ्टवेअरने तो जोड सरळ पाइपासारखा धरून प्रसरणाचा ताण ६७ मेगापास्कल, म्हणजे प्रसरणासाठीच्या १७७ च्या मर्यादेच्या (११८ च्या दीडपट) ३८ टक्के दाखवला होता. पॅड, म्हणजे जोडाभोवती वेल्ड केलेली मजबुतीची पट्टी, नसलेल्या अशा जोडाचा गुणक या पाइपला साधारण साडेचार येतो, म्हणजे खरा ताण ३०५. हेडरच्याच जाडीचा पॅड लावला की गुणक २.३ वर आणि ताण १५५ वर उतरतो. हे गणित मी तिथेच कागदावर हाताने केले आणि सॉफ्टवेअरमध्येही तेच आकडे आले, याचे मला आजही समाधान आहे. चूक माझी होती आणि ती गंभीर होती. तरीही जे वाक्य त्या अभियंत्यांनी अर्ध्या मिनिटात उच्चारले, ते पहिल्याच शेऱ्यात लिहायला काय हरकत होती, हा राग अजून गेलेला नाही. 'मर्यादेत आहे' हा निकाल वाचण्याआधी प्रत्येक शाखेपुढचा एसआयएफचा रकाना पाहावा. तिथे १ दिसला तर निकालावर विश्वास ठेवू नये. तपासणाऱ्यानेही नोड क्रमांकाशिवाय शेरा देऊ नये.

१७७ ही मर्यादा तापण्या-थंड होण्याच्या ७००० आवर्तनांपर्यंतची आहे, हे आधीच सांगायला हवे होते. लाइन रोज एकदा थंड होऊन पुन्हा तापत असेल, तर तेवढी आवर्तने व्हायला एकोणीस वर्षे लागतात. डायहाऊस दिवसातून दोनदा बंद होत असेल, तर कारखान्याला विचारून हिशेब बदलावा.

पुढची मंजुरी आठवड्यात मिळाली. वेल्डरने पॅड बसवला, त्याच्या छोट्या भोकातून हवेचा दाब देऊन वेल्डवर साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. पहिली वाफ सोडण्याआधी मी लूपजवळच्या (प्रसरण सामावण्यासाठी पाइपला दिलेल्या वळणाजवळच्या) सपोर्टवर खडूने रेघ मारली होती. अँकरपासून (पाइप पक्का धरलेल्या जागेपासून) तीस मीटरवर गणिताप्रमाणे पाइप ५९ मिलिमीटर सरकायला हवा होता, प्रत्यक्षात ५५ सरकला. सॉफ्टवेअर सुरुवातीचे तापमान आपणहून २१ अंश धरते आणि त्या सकाळी सोलापुरात ३० अंश होते. चार मिलिमीटरचा फरक तेवढ्यामुळेच होता.