तुम्ही विचारलंत म्हणून: होल्स्टर किती तिरकं लावू?

"तुम्ही होल्स्टर किती अंशात लावता?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच बसून लिहून टाकतो. (होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान, आणि अंश म्हणजे ते सरळ उभ्यापासून किती झुकवायचं.) परवाना असलेला, कपड्याआड पिस्तूल बाळगायला नुकताच लागलेला माणूस हमखास हेच विचारतो, मी आकडा सांगतो, तो खूश होऊन जातो आणि आठ दिवसांनी परत येतो, टोचतंय म्हणून. टोचणारच ना, तो आकडा माझ्या कमरेचा आहे.

आधी जागा ठरवा, मग तिरकेपणा. कमरेभोवती घड्याळ आहे असं समजा, बेंबी म्हणजे 12, उजवा खुबा 3, पाठीचा कणा 6. उजव्या हाताचे बहुतेक लोक 3 ते 4 च्या मध्ये कुठेतरी लावतात, नाहीतर पुढे पोटाशी 1 च्या आसपास. डावखुऱ्यांनी हेच उलटं धरा. (6 वर लावू नका, पाठीवर पडलात तर मणक्याखाली लोखंड येईल.) एकच होल्स्टर 3 वर मस्त बसतं आणि तेच 4 वर सरकवलं की नकोसं होतं, त्यामुळे जागा न ठरवता अंश विचारण्यात काही अर्थ नाही.

आता तिरकं करायचंच कशाला? पिस्तुलाची नळी लपवायला सोपी असते, ती पँटच्या आत खाली जाते. घात करते ती मूठ. खुब्याच्या मागे पिस्तूल सरळ उभं लावलं तर मुठीचं टोक मागच्या बाजूला बाहेर येतं आणि तुम्ही जरा वाकलात की शर्टवर तंबू उभा राहतो. पिस्तूल पुढच्या बाजूला झुकवलं, म्हणजे नळीचं तोंड थोडं मागे गेलं, की मुठीचं टोक वर उचललं जातं आणि अंगाच्या रेषेत बसतं. साधारण 15 अंश पुढे झुकवायची पद्धत त्यातूनच आली.

मग मला वाटलं 15 ने एवढं झाकलं जातं तर 25 ने तर दिसणारच नाही. आरशात खरंच दिसत नव्हतं, मी एकदम खूश! मग खुर्चीत बसलो. वर उचललेलं मुठीचं टोक थेट बरगडीत. गाडीत तर अजून वाईट, सीटला टेकलं की नळी खालून दाबली जाते, सगळं पिस्तूल वर सरकतं आणि मूठ अजून वर. दोन आठवडे मी एका कुशीवर कलून गाडी चालवली पण होल्स्टर बेल्टला अडकवणाऱ्या क्लिपचा, कोन धरून ठेवणारा स्क्रू काही सैल केला नाही, कारण आरशात छान दिसतंय ना! आरसा तुम्हाला उभंच बघतो हो, दिवस तर आपण बसून काढतो.

शेवटी मला मनगटाने सांगितलं. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवा, डोळे मिटा, बाहेर काढताना धराल तशी पक्की पकड घ्या आणि तिथेच थांबा. आता डोळे उघडून मनगटाकडे बघा. ते कोपरापासूनच्या रेषेत साधारण सरळ असेल तर ठीक. मुडपलं असेल, किंवा पकड घ्यायला खांदा वर उचलावा लागत असेल, तर कोन चुकलाय, मग ते कितीही छान झाकलं जात असू दे. माझ्या 25 अंशांत मनगट असं दुमडत होतं की करंगळीला मूठ नीट सापडतच नव्हती. दोन-तीन अंश कमी करायचे, पुन्हा डोळे मिटायचे, असं करत करत मी 12-13 वर आलो.

पोटाशी लावणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे हात वरून खाली येतो, त्यामुळे शून्य किंवा जवळपास शून्यच बरं वाटतं, खुब्यावरचे 15 अंश तिथे लावलेत तर मनगट लगेच तक्रार करेल. तिथे टोचलं तर तिरकेपणाच्या मागे न लागता होल्स्टर किती खोल बसतं ते बदलून बघा, किंवा नळीच्या बाजूला आतून फोमची पाचर लावा, मूठ आपोआप पोटाकडे दबते. आणि बेल्ट! लुळ्या बेल्टवर कुठलाच कोन टिकत नाही, पिस्तुलाच्या वजनाने संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर लोंबकळायला लागतं. मी आधी दोन होल्स्टर बदलली आणि मग बेल्ट बदलला, उलटं केलं असतं तर एकात भागलं असतं.

हे सगळे प्रयोग रिकाम्या पिस्तुलावरच करायचे, यात चालढकल नाही. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. कोन बदलायचा तर होल्स्टर कमरेवरून काढून टेबलावर ठेवून. परत कमरेला लावल्यावर पिस्तूल आत सरकवताना सावकाश, बघत, बोट ट्रिगरपासून लांब, शर्टाचं टोक आत अडकत नाही ना ते तपासत. आणि ट्रिगर होल्स्टरने पूर्ण झाकला जात नसेल तर ते होल्स्टरच नको.

हां, अजून एक. क्लिपचे स्क्रू चालण्याबसण्याने हळूहळू सैल होतात. कोन एकदा जमला की स्क्रूला थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा आणि क्लिपच्या कडेने होल्स्टरवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. माझी रेघ एकदा चांगली अर्धा सेंटीमीटर सरकलेली दिसली, आणि मी आठवडाभर बेल्टलाच शिव्या घालत होतो.