तुम्ही विचारलंत म्हणून: फरशी कशाने पुसता?

घरी नवीन कोणी आलं की हा प्रश्न येतोच. दोन मांजरं आहेत आणि घरात फिनाईल नाही, मग फरशी पुसता कशाने? तर विचारलंत म्हणून सांगते, बादलीभर गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, नंतर परत एकदा नुसतं पाणी. बास.

कारण आमची चिंगी. ओल्या फरशीवरून चार पावलं गेली की थांबते, पुढचा पंजा झटकते, मग सोफ्याखाली बसून बोटं फाकवून मधली गुलाबी जागा चाटत राहते, चांगली दहा मिनिटं. म्हणजे फरशीवर जे असेल ते थेट पोटात. आणि फिनाईलमधलं फिनॉल निकामी करायला लिव्हरमध्ये जे एन्झाइम लागतं ते मांजरात जवळजवळ नसतंच, त्यामुळे माणूस किंवा कुत्रा जेवढं पचवून जातो तेवढ्यात मांजर आजारी पडतं. पाइनच्या वासाचं पांढरं फिनाईल पण नको. ढोबळ खूण म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं काहीही मी आणत नाही, त्यात जखमेवर लावायचं ते अँटिसेप्टिकसुद्धा आलं.

हे शहाणपण मला आधी नव्हतं हो. आधीची मनी होती तेव्हा तिला कणकण वाटली म्हणून मी पॅरासिटामॉलची पाचशेची गोळी मोडून पाव तुकडा दुधातून दिला, लहान मुलांना देतो तसं, आणि वर स्वतःवरच खूश. संध्याकाळी बघते तर तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले, धाप लागलेली आणि ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या चॉकलेटी. गुलाबी नाही, चॉकलेटी! डॉक्टर म्हणाले रक्त ऑक्सिजन वाहून नेईना झालंय. गोळी नेमकी कोणती ते सांगता आलं म्हणून त्यावरचं औषध लगेच सुरू झालं आणि मनी वाचली, पण तो चॉकलेटी रंग अजून डोळ्यांसमोर येतो. पॅरासिटामॉलला पण असंच, ते बाहेर टाकायची सोय मांजरात नाही, म्हणून पाव काय, चिमूटभर पण नाही.

बुकेमधली लिली पण दारातूनच परत जाते. तिचे ते केशरी परागकण अंगाला लागले आणि मांजराने चाटले तरी दोन-तीन दिवसांत किडनी जाऊ शकते, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी तेच. मनी प्लांट एवढा वाईट नाही, तोंडाची आग होते, लाळ गळते, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

कुत्रेवाल्यांना माझं एकच सांगणं, सोसायटीत उंदरांसाठी केक ठेवलेत का ते वॉचमनला विचारा. त्यातले बरेच रक्त गोठू न देणारे असतात, त्यामुळे खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा मजेत दिसतो, आपण म्हणतो काही झालं नाही, आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. लगेच नेलं तर व्हिटॅमिन के देतात, पण ते काही आठवडे चालू ठेवावं लागतं. जाताना पाकीट किंवा त्याचा फोटो न्या, कारण उंदराच्या सगळ्या औषधांवर हाच उतारा चालत नाही.

आणि कोणी कितीही सांगितलं तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मीठ जास्त झालं की तेच विष, आणि फिनाईल तर वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं. पंजाला लागलं असेल तर साबणाने धुवा, चाटू देऊ नका आणि निघा.

आमच्या मावशींना मात्र हे अजून पटलेलं नाही. वास नाही तर पुसल्यासारखं वाटत नाही म्हणतात. परवा स्वतःच्या घरून छोट्या बाटलीत आणलं होतं, पदराआड.